कोटातली माणसं

मित्रांनो, मी एक जुना कोट आहे. मला आपण कधी पाहिलेलं नाही, असं तुम्हाला वाटत असेल. पण तुमचं घर आदिलाबाद जिल्ह्यातल्या बोथच्या आसपास असेल, तर मी तुम्हाला पुष्कळदा पाहिलेलं आहे. तुमच्याच भिंतीवरून.

घाबरू नका. आधी माझा जन्म कसा झाला ते ऐका.

आदिलाबादच्या एका शिंप्याने मला केशवरावांच्या लग्नासाठी शिवलं. केशवरावांचा बोथला फोटो स्टुडिओ होता. कापड गर्द निळं, आत चकचकीत अस्तर आणि पुढे काळी बटणं. लग्नात केशवराव मला घालून घामाने निथळले आणि वरात दारात येताच त्यांनी मला काढून खाटेवर टाकलं. आता जन्मभर पेटीत पडून राहायचं, असं मी धरूनच चाललो होतो. पण नोकरीच्या अर्जासाठी फोटो काढायला एक जण आला, त्याचा सदरा खांद्यावर विरलेला होता, आणि केशवरावांना माझी आठवण झाली. मला अंगावर चढवताच त्या माणसाची मान ताठ झाली. आरशात बघून तो म्हणाला, "आता कसा सायेबावानी दिसून राह्यलो!" तेव्हापासून माझा मुक्काम स्टुडिओतल्या खुंटीवर आहे.

माझ्या आत कोण येऊन गेलं नाही? मास्तर आले, पटवारी आले, बँकेतले शिपाई आले, मुलगी बघायला निघालेले नवरदेव आले. माणूस बारीक असला की मी त्याला ढगळ व्हायचो. मग केशवराव कपडे वाळत घालायचे चिमटे पाठीला लावून मला आवळायचे. समोरून साहेब आणि मागून चिमटे! फोटोत पाठ दिसत नाही, म्हणून सगळं निभावलं. लोक तो फोटो काच लावून दाराच्या बरोबर समोर टांगायचे, म्हणजे येणाऱ्याची नजर आधी त्याच्यावर पडावी. पाहुणे म्हणायचे, "पोरगा नाव काढून राह्यला." पोरगा शिकला, नोकरीला लागला, चार माणसांत बसला, हे सगळं लोकांना एकट्या माझ्यावरून समजायचं. मग यश म्हणजे मीच, असं मला वाटू लागलं तर नवल काय? मी फुगून गेलो होतो, हे कबूल करायला हवं.

केशवरावांची फोटो काढायची एक रीत होती. ते म्हणायचे, "हालू नका. श्वास रोखा." मग खटका दाबायचे आणि लगेच पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळायचे. "आता सोडा" म्हणायचं त्यांचं बहुतेक वेळा राहून जायचं. माणसं आपापली सोडत आणि घरी जात.

आता नीट ऐका, कारण पुढचं तुम्हाला कुणी सांगणार नाही. खटका दाबला की माझा एक पापुद्रा निघून त्या फोटोत जातो. म्हणून मी खुंटीवर असतो आणि तुमच्या भिंतींवरही असतो. नार्नूरला आहे, नेरडीगोंड्याला आहे, हमरस्त्याच्या कडेच्या कितीतरी गावांत आहे. माणूस जिवंत असतो तोवर फोटोत मी एकटाच असतो, कारण तो आपल्या कामाला गेलेला असतो. पण माणूस वारला, फोटोला हार पडला, की माझ्या आत कोणीतरी येऊन बसतं. खांदे भरतात. कॉलर कोमट होते. ही माणसं हलत नाहीत की बोलत नाहीत. श्वास रोखून बसलेली असतात. सोडा, असं त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

केशवराव वारले तेव्हा त्यांचाही माझ्यातला फोटो स्टुडिओत लागला, माझ्या खुंटीच्या अगदी समोर. तेही तसेच बसले आहेत.

त्यांच्यानंतर त्यांचा मुलगा सुरेंद्र स्टुडिओ बघू लागला आणि कॉम्प्युटर आला. सुरेंद्रने माझा एक फोटो काढून ठेवला आहे. त्यात मी आहे, टाय आहे, कॉलर आहे, पण वर मान नाही. कुणाच्या घरचं माणूस गेलं की लोक फोनमधला कुठला तरी फोटो घेऊन येतात आणि सांगतात, "कोट बसवून द्या." सुरेंद्र तोंड कापतो आणि माझ्यावर चढवतो. पोरगा वाईट नाही, हातात सफाई आहे. पण ही माणसं जन्मात कधी माझ्या आत आलेली नसतात. परक्या घरात जाग यावी तशी ती दचकतात, चाचपडतात. मग हळूहळू त्यांना माझी सवय होते आणि ती गप्प बसतात.

एक माणूस मात्र गप्प बसला नाही. त्याचं नाव उद्धवराव.

उद्धवराव नेरडीगोंड्याच्या अलीकडच्या एका गावचे. शेतात कापूस आणि ज्वारी. पण पंचक्रोशीत त्यांचं नाव होतं ते कडब्याच्या गंजीसाठी. ज्वारी निघाली की कडब्याच्या पेंढ्या एकावर एक रचून उंच गंजी करतात. उद्धवरावांनी रचलेल्या गंजीत अख्ख्या पावसाळ्यात थेंब शिरत नसे. खालून कुणी पेंढी भिरकावली की वर ते दोन्ही हात उंचावून ती झेलत आणि एका दमात जागेवर बसवत. लोक त्यांना गाडी पाठवून बोलवत. गंजी झाली की ते खाली उतरून कमरेवर हात ठेवून तिच्याकडे पाहत उभे राहत. ते तसे उभे राहिले की काम संपलं असं लोक समजत.

त्यांचा मुलगा करण दहावीला असताना परीक्षेच्या फोटोसाठी ते त्याला घेऊन स्टुडिओत आले होते. करणचा फोटो झाला. केशवराव म्हणाले, "उद्धवराव, तुमीबी घाला कोट. बाप-लेकाचा एक होऊन जाऊ द्या."

उद्धवरावांनी मला अंगावर चढवलं. आरशात पाहिलं. आणि सवयीने दोन्ही हात वर केले, वरून पेंढी येते आहे असे. चर्र करून माझ्या उजव्या काखेची शिवण उसवली.

ते खदखदून हसले. "केशवराव, याच्यात त हातच वर होत नाई बा! हात वर नाई झाला त मानूस काय कामाचा?" मला काढून त्यांनी केशवरावांच्या हातात दिलं, डोक्याला दुपट्टा गुंडाळला आणि फोटो न काढता बाहेर जाऊन उभे राहिले. बाकावर करणचे मास्तर बसलेले होते. करणने मान खाली घातली ती वर केलीच नाही. निळा दोरा संपला होता, म्हणून केशवरावांनी माझी काख पांढऱ्या दोऱ्याने शिवली.

इतकं तोंडावर मला कुणी नाकारलेलं नव्हतं. मला राग आला होता आणि तो बरेच दिवस टिकला.

करण पुढे इंजिनियर झाला, हैदराबादला मोठ्या कंपनीत लागला. गावात त्याचं नाव झालं. मागच्या वर्षी ज्वारी निघताना तो सुट्टीवर आला, तेव्हा त्याने गंजीवर चढलेल्या बापाचा फोनमध्ये एक फोटो काढला. पावसाळ्याच्या तोंडाला उद्धवराव अचानक गेले. यंदा अक्षय तृतीया जवळ आली. आपल्याकडे त्या दिवशी पितरांच्या नावाने पाण्याची घागर भरतात. उन्हातान्हात आपली माणसं दारी येतात, पाणी पिऊन तृप्त होऊन जातात, अशी समजूत आहे. उद्धवरावांच्या नावाची ही पहिलीच घागर. त्याआधी भिंतीवर त्यांचा फोटो लागायला हवा, म्हणून करण स्टुडिओत आला.

"तोंड तेवढं घे," तो सुरेंद्रला म्हणाला. "बाकी कोट बसव. चांगला दिसला पाहिजे माझा बाप."

सुरेंद्रने डोक्याचा दुपट्टा पुसून तिथे विंचरलेले केस काढले. गंजीवर उन्हाने मिचकावलेले डोळे मोठे केले. उद्धवराव तोंड उघडून हसत होते. कोटातला माणूस असा हसत नाही, म्हणून त्याने ते ओठ मिटवले. रंग उजळ केला. आणि ते तोंड माझ्या कॉलरवर ठेवलं.

त्याच क्षणी मी ती मान ओळखली.

फ्रेम घरी गेली आणि दारासमोर टांगली गेली. उद्धवरावांची बायको बयनाबाई शेतातून आली, तिने वर पाहिलं आणि चटकन डोक्यावरचा पदर पुढे ओढला. परपुरुष समोर आला की बायका ओढतात तसा.

"करन, हा कोन मानूस हाय?"

"माय, बाबा हायेत ना."

ती जवळ आली. पुष्कळ वेळ बघत राहिली. तिचा श्वास काचेवर आला आणि विरला. "मी नाई वळखत याले," ती म्हणाली आणि चुलीकडे गेली. त्या दिवसापासून ती त्या खोलीत आली की पदर पुढे घेऊनच वावरायची आणि भिंतीकडे पाठ करून जेवायची. कधी मध्येच थांबून वळायची, मागून कुणी टक लावून बघत असल्यागत.

तिचं खोटं नव्हतं. माझ्या आत कोणीतरी होतं आणि ते स्वस्थ बसत नव्हतं. ऐन दुपारी, गावात कुत्रंसुद्धा हलत नाही अशा वेळी, माझे खांदे आतून उचलले जायचे. कोणीतरी हात वर करू बघत होतं. पण या फोटोत मी छातीपर्यंतच आहे. माझ्या बाह्या कोपराच्या वरच संपतात. खाली काही नाही. आतला माणूस तिथवर चाचपत जायचा आणि परत यायचा. मिटवलेल्या ओठांच्या मागून मला आवाज यायचा.

"माहे हात कुठी हायेत?"

मी काय सांगणार? इतकी माणसं माझ्या आत बसली, पण मला कधी कुणी काही विचारलं नव्हतं. मी कोट आहे खरा, पण त्या दिवशी मला हुडहुडी भरली. माझा जुना राग कुठल्या कुठे गेला.

इकडे स्टुडिओत, वारा नसताना, खुंटीवर लटकल्या जागी माझ्या उजव्या काखेचा पांढरा दोरा टाके सोडू लागला. सुरेंद्रने तो शिवला. दुपारी परत उसवला. "उंदीर असन," सुरेंद्र म्हणाला आणि जाड दोऱ्याने शिवला. मुलाखतीला निघालेला एक तरुण फोटोसाठी आला, त्याने माझ्या उजव्या बाहीत हात घातला आणि चटका बसल्यासारखा बाहेर काढला.

"सार, आत कोनाचा तरी हात हाय."

सुरेंद्र हसला. त्याने बाही उलटी करून दाखवली. बाही रिकामी होती. पण तो तरुण मला न घालताच फोटो काढून गेला, आणि तो गेल्यावर सुरेंद्रने मला खुंटीवर टांगताना लांबूनच टांगलं. जाड दोराही तोवर तुटलेला होता.

अक्षय तृतीयेच्या आदल्या दिवशी बयनाबाई फ्रेम फडक्यात गुंडाळून एकटीच बसने बोथला आली. बाजारातून तिने उद्यासाठी मातीची घागर घेतली आणि घागर कमरेवर, फ्रेम बगलेत, अशी ती स्टुडिओत शिरली. तिच्या मागोमाग करण मोटरसायकलवर आला. त्याचा चेहरा रागाने लाल झाला होता.

बयनाबाईने फ्रेम टेबलावर पालथी ठेवली. "सुरेंद्रभाऊ, याच्यातून करनच्या बाबाले बाहेर काढा."

"माय, काऊन हट्ट करून राह्यली तू?" करण म्हणाला. "उद्या सारं गाव येईन. पोरगा एवढ्या मोठ्या नौकरीत, आन बाप भिंतीवर फाटक्या बंडीत? लोक काय म्हनतीन?"

"लोकाइले पानी नाई पाजायचं मले." बयनाबाईचा आवाज बारीक होता, पण हलत नव्हता. "उद्या मी घागर भरीन. हा कोटवाला समोर राह्यला त पानी हाच पिऊन जाईन. आन ते दारात उभे राह्यतीन, उनात, तहानलेले. त्याइले मी या म्हनलंच नाई असं वाटन त्याइले."

सुरेंद्रची नजर माझ्याकडे गेली होती, म्हणून बयनाबाईनेही वळून पाहिलं. मी खुंटीवर होतो. माझी उजवी काख पूर्ण उघडी होती. दुपारचे बारा वाजले असतील, पंखा बंद होता, आणि आमच्या तिघांच्या... नाही, त्या तिघांच्या डोळ्यांदेखत माझी उजवी बाही हळूहळू वर उचलली गेली. थोडीशीच. मग थांबली आणि खाली आली.

सुरेंद्र भिंतीला टेकला. बयनाबाई मात्र पुढे आली. तिने माझ्या बाहीत आपला हात घातला, कोपरापर्यंत, आणि आत चाचपलं. तिच्या हाताला कडब्याने पडलेले चरे होते. तो हात माझ्या अस्तराला अडकत अडकत फिरला.

"हात वर करून राह्यले ते," ती म्हणाली. "होऊन नाई राह्यला."

करण बाकावर बसला. त्याच बाकावर, जिथे कधी त्याचे मास्तर बसले होते. "याच काखेतून फाटला होता, माय. बाबा हसले होते मोठ्यानं. मले लाज वाटली होती त्या दिवशी." त्याने तोंडावर हात ठेवला. "इतकी वर्षं मी तेच शिवत बसलो."

सुरेंद्रने कॉम्प्युटर चालू केला. गंजीचा तो फोटो त्याच्याकडे होता, पण तोंड कापून घेतलेला. पडद्यावर कडब्याची गंजी आली. तिच्यावर फाटक्या बंडीतला एक माणूस उभा होता, दोन्ही हात आभाळाकडे उचललेला, आणि त्याला डोकं नव्हतं. बयनाबाईने घागर घट्ट धरली. पण या वेळी तिने पदर पुढे ओढला नाही.

"हेच हायेत," ती म्हणाली.

सुरेंद्रने माझ्यावरून ते तोंड उचललं. ओठ उघडले, डोळे मिचकावले, दुपट्टा परत गुंडाळला आणि ते त्याच्या जागी ठेवलं. मित्रांनो, मला ते खुंटीवर कळलं. माझे खांदे एकदम हलके होऊन खाली आले, आणि कुणीतरी फार दिवसांचा कोंडलेला श्वास सोडावा तसा एक ऊबदार वारा माझ्या बाह्यांतून निघून गेला. सुरेंद्रच्या टेबलावरचे फोटो त्याने थरथरले.

फोटो आता पुरा दिसत होता. उद्धवराव हसत होते. त्यांच्या हातांच्या वर, हवेत, एक पेंढी होती. आणि खाली कोपऱ्यात, ज्या भागाकडे करणने कधी लक्षच दिलं नव्हतं, हिरव्या बांगड्यांचा एक हात होता. नुकतीच पेंढी भिरकावलेला.

"हा कोनाचा?" करणने विचारलं.

"माहा हात हाय," बयनाबाई म्हणाली. "दुसऱ्या कोनाची पेंढी अशी झेलली त्याइनं?"

करण आईच्या हाताकडे बघू लागला. मग सुरेंद्रने जरा वातावरण निवळावं म्हणून विचारलं, "करन, तुझाबी एक काढू काय?" आणि सवयीने त्याचा हात माझ्याकडे आला.

"कोट नको," करण म्हणाला. तो फोटो काढायच्या पडद्यासमोर जाऊन उभा राहिला. त्याने हात खिशात घातले, काढले, मागे बांधले, सोडले. शेवटी तो गोंधळून म्हणाला, "हातात काय धरू?"

बयनाबाईने आपल्या कमरेवरची घागर उचलून त्याच्या खांद्यावर दिली.

उद्धवरावांचा नवा फोटो त्याच संध्याकाळी गावाला गेला. दुसऱ्या दिवशी घागर भरली का, कोण पाणी पिऊन गेलं, हे मला सांगता येणार नाही. त्या भिंतीवर मी आता नाही. माझ्या आयुष्यात मी पहिल्यांदाच एका भिंतीवरून उतरलो, आणि मला त्याचा आनंद झाला.

पण बाकीच्या भिंतींवर मी आहेच. मुलांनो, तुम्ही मोठे व्हा, शिका, कोट घाला, मला त्याचं वाईट वाटणार नाही. फक्त कोटालाच यश समजू नका. मी तशी चूक फार वर्षं केली. आपण कशासाठी हात वर करतो, तेही कुणाला तरी दिसू द्या. आणि घरातल्या भिंतीवर गर्द निळ्या कोटातले कुणी आजोबा असतील, तर त्यांचे हात काय करत असत, ते विचारून घ्या. ठाऊक असलेलं माणूस घरात आहे तोवर विचारा. मग फोटोजवळ जाऊन हळूच म्हणा, "झालं, आता श्वास सोडा." केशवरावांचं ते सांगायचं राहून गेलं आहे.

एवढं काम माझ्यासाठी आजच करा. कारण उजवी काख सुरेंद्रने शिवली ती टिकली आहे, पण परवापासून माझी डावी काख उसवू लागली आहे. आत कोणाचा हात आहे, ते मला अजून कळलेलं नाही. तुमच्या घरी एकदा बघा.